जुनी माउंटन सायकल घेताना: आधी माप, मग भाव

जुन्या सायकलच्या जाहिरातीत ‘साइज २६’ किंवा ‘२९ ची एमटीबी’ (म्हणजे माउंटन बाइक) असं लिहिलेलं असतं. हे चाकाचं माप झालं. सायकल तुमच्या अंगाला बसणार की नाही, हे फ्रेमच्या मापावर ठरतं आणि नेमकं तेच जाहिरातीत बहुतेक वेळा नसतं. पहिल्यांदा सायकल घेणारे इथेच फसतात. विकणारा लबाड असतो असं नाही, बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं.

मी पुण्यात जुन्या सायकली घेतल्या आहेत, विकल्या आहेत आणि ओळखीतल्यांसोबत बघायलाही गेलो आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर लोकांनी हौसेने चांगल्या सायकली घेतल्या. त्यातल्या कितीतरी आज सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. त्यामुळे चांगला माल रास्त भावात मिळतो. फक्त एक क्रम सोडू नका: आधी माप, मग फ्रेमची तब्येत, मग बाकीचे भाग आणि सगळ्यात शेवटी भाव. चेन बदलता येते, टायर बदलता येतात, ब्रेकसुद्धा बदलता येतात. फ्रेमची लांबी मात्र कुठलाही मेकॅनिक बदलून देऊ शकत नाही.

१. घरून निघण्याआधी स्वतःला मोजा

दोन आकडे हवेत: तुमची उंची आणि पायाची आतली उंची. दुसरा आकडा शिंप्याने घेतलेल्या पँटच्या मापावरून धरू नका, तो कमी भरतो. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहा. पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये धरून, पुस्तकाचा कणा वर ठेवून, जांघेला घट्ट टेकेपर्यंत वर ओढा. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा आला पाहिजे. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी घरातल्या कुणाला तरी भिंतीवर पेन्सिलीने खूण करायला सांगा आणि जमिनीपासून तिथपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन-तीनदा मोजा, हात तिरका होतो.

या आकड्याला ०.२२५ ने गुणलं की फ्रेमचं माप अंदाजे इंचांत मिळतं. पाय ७४ सेंमी असेल तर साडेसोळाच्या थोडं वर, ७८ असेल तर साडेसतरा, ८२ असेल तर साडेअठराच्या जवळ.

उंचीवरून साधारण असं धरतात:

- १५५ ते १६५ सेंमी (५ फूट १ ते ५ फूट ५ इंच): स्मॉल, १४ ते १६ इंच
- १६५ ते १७५ सेंमी (५ फूट ५ ते ५ फूट ९ इंच): मीडियम, १६ ते १८ इंच
- १७५ ते १८५ सेंमी (५ फूट ९ ते ६ फूट १ इंच): लार्ज, १८ ते २० इंच
- त्याहून उंच: एक्सएल, २० इंच आणि पुढे

हे आकडे शोध सुरू करण्यापुरते आहेत. एकाच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड लांब असतं. पाय आखूड आणि धड लांब असेल तर फ्रेम लांब पण बुटकी हवी. हातही मोजून घ्या. दोन्ही हात आडवे पसरल्यावर मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर उंचीपेक्षा चार-पाच सेंमी जास्त भरलं आणि तुम्ही दोन मापांच्या सीमेवर असाल, तर मोठं माप बघा. कमी भरलं तर लहान.

मुलांसाठी घेत असाल तर एक कळकळीची विनंती. आपण वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी सायकल घेऊ नका. ढगळ शर्टाने कुणी पडत नाही. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचत नसतील किंवा थांबल्यावर पाय टेकत नसतील, तर मूल घाबरतं आणि सायकल सोडून देतं.

२. चाकाचं माप आणि फ्रेमचं माप

चाकं तीन मापांत येतात: २६, २७.५ आणि २९ इंच. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ५५९, ५८४ किंवा ६२२ हा आकडा दिसेल. टायर रिमवर जिथे बसतो तिथला तो मिलिमीटरमधला व्यास. नवीन टायर घेताना याच आकड्यावर विश्वास ठेवा.

एकाच चाकाच्या मापावर तीन-चार वेगवेगळ्या फ्रेम असू शकतात. काही कंपन्या लहान फ्रेमला २७.५ ची आणि मोठ्या फ्रेमला २९ ची चाकं देतात. ट्रेक कंपनीच्या मार्लिन मॉडेलमध्ये बरीच वर्षं असं आहे. उलट स्वस्त देशी मॉडेल अनेकदा एकाच फ्रेमच्या मापात येतात, मग घेणारा पाच फुटांचा असो की सहा. म्हणून ‘२९ म्हणजे उंच माणसाची, २६ म्हणजे बुटक्याची’ हा हिशेब धरू नका.

फ्रेमचं माप सीटखालच्या उभ्या नळीवरून, म्हणजे सीट ट्यूबवरून सांगतात. पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत ते मोजायचं. बहुतेक वेळा नळीच्या खालच्या भागावर स्टिकर असतो: एम, किंवा १७.५, किंवा ४४ सेंमी असं काहीतरी. अडचण अशी की काही कंपन्या नळीच्या टोकापर्यंत मोजतात, तर काही आडवी नळी जिथे येऊन मिळते तिथपर्यंतच. त्यामुळे एका कंपनीचं १८ दुसऱ्या कंपनीचं १७ ठरू शकतं. स्टिकर वाचा, पण टेपही लावा.

आणखी एक गोष्ट गेल्या दहाएक वर्षांत बदलली आहे. नव्या घडणीच्या फ्रेममध्ये सीट ट्यूब आखूड केली आहे आणि पुढची लांबी वाढवली आहे. अशा सायकलला वरचं ०.२२५ चं गणित पुरेसं पडत नाही. तिथे ‘रीच’ बघायचा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, म्हणजे हेड ट्यूबच्या, वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. उभं अंतर म्हणजे ‘स्टॅक’. मॉडेलचं नाव आणि साल कळलं की कंपनीच्या जॉमेट्री तक्त्यात, म्हणजे फ्रेमच्या मापांच्या तक्त्यात, हे दोन्ही आकडे सापडतात. तक्ता मिळालाच नाही तर हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापासून सीट पोस्टपर्यंत (सीट ज्या दांड्यावर बसते तो) टेप अगदी आडवा धरून मोजा. साध्या हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या, एमटीबीत हे अंतर मीडियमला ५८ ते ६० सेंमीच्या आसपास येतं.

३. कुठे शोधायची, फोनवर काय विचारायचं

ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर माल सगळ्यात जास्त मिळतो, सायकलस्वारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात चांगला. ग्रुपमधला विकणारा बहुधा स्वतः चालवणारा असतो. सर्व्हिसिंग कधी केलं, काय बदललं, हे त्याला सांगता येतं. जवळच्या सायकल दुकानातही विचारून ठेवा. नवी घेताना लोक जुनी तिथेच टाकतात.

फोनवर एवढं विचारा:

- फ्रेमची साइज काय आहे? चाकाची नाही, फ्रेमची. ठाऊक नसेल तर स्टिकरचा फोटो मागा.
- मॉडेल आणि साल कोणतं?
- मूळ बिल आहे का?
- सध्या कोण चालवतंय आणि त्यांची उंची किती? हा प्रश्न फार उपयोगी पडतो.
- चेनच्या बाजूने पूर्ण सायकलचा एक फोटो आणि बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेल्या नंबरचा एक फोटो पाठवाल का?

‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, सायकल ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी भाडं भरा’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. हा फसवणुकीचा जुना साचा आहे. सायकल डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. रक्कम परत देण्याच्या नावाखाली कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला लावला तर करू नका. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

४. बरोबर काय न्यायचं

- मोजायचा टेप, इंच आणि सेंमी दोन्ही असलेला
- ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की (षटकोनी चाव्या)
- लहान हातपंप, कारण उभ्या सायकलची हवा गेलेलीच असते
- टॉर्च आणि जुना कपडा
- चेन चेकर (चेनची झीज मोजायचं साधन) असेल तर तो, नाहीतर इंचांच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी
- हेल्मेट, आणि सायकल चालवताना घालता तेच बूट
- ओळखपत्र आणि कोरा कागद

दिवसाउजेडी जा. पार्किंगच्या अंधारात रंगाखालची चीर दिसत नाही.

५. सायकल अंगाला लावून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विकणारा घाई करत असला तरी द्या.

आधी फ्रेमच्या आडव्या नळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून, सीटच्या पुढे उभे राहा. नळी आणि जांघ यांत किमान दोन इंच मोकळी जागा हवी. वेताळ टेकडीसारख्या खडकाळ वाटेवर सायकल कुठेही अचानक थांबते आणि पाय टेकतो ती जमीन सपाट नसते. तेव्हा ही जागाच वाचवते. ती नसेल तर सायकल कितीही देखणी असो, परत फिरा.

मग सीट पोस्टचा नट किंवा क्विक रिलीज (हाताने उघडायची कळ) सैल करून सीट वर-खाली करा. हे करून दाखवायला सांगू नका, स्वतः करा. पावसाळ्यात भिजून तशाच पडून राहिलेल्या सायकलमध्ये सीट पोस्ट फ्रेममध्ये जाम बसतो आणि काही वेळा फ्रेम कापल्याशिवाय निघत नाही. पोस्ट हलला नाही तर सायकल पहिल्या मालकाच्याच मापाची राहणार.

सीटवर बसून एक पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. कंबर न हलता पाय जेमतेम सरळ झाला की सीटची उंची बरोबर. चालवताना पंजा पेडलवर येतो तेव्हा गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. आता खाली वाकून सीट पोस्ट बघा. त्यावर ‘मिनिमम इन्सर्शन’ची, म्हणजे पोस्ट किमान कुठपर्यंत फ्रेमच्या आत हवा याची, खूण असते. तुमच्या उंचीला लावल्यावर ती खूण फ्रेमच्या बाहेर दिसत असेल, तर फ्रेम तुम्हाला लहान आहे. ‘लांब पोस्ट टाकून घ्या’ हा सल्ला ऐकू नका. सीट वर गेली तरी हँडल तिथेच, जवळच राहतं.

मग लांबी. हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं आणि खांदे सैल हवेत. हात ताठ होत असतील, वजन तळव्यांवर येत असेल, मान वर करून बघावं लागत असेल, तर सायकल लांब पडतेय. हँडल वळवताना गुडघा त्याला लागत असेल, पाठ गोल होत असेल, तर आखूड. हँडल पुढच्या नळीला जोडणारा आखूड भाग, म्हणजे स्टेम, बदलून एक-दोन सेंमीचा फरक काढता येतो, त्याहून जास्त नाही. ‘स्टेम बदलला की झालं’ या भरवशावर पूर्ण एक माप मोठी सायकल घेऊ नका, हँडलचा कंट्रोल बिघडतो.

शेवटी दहा-पंधरा मिनिटं चालवा. सपाटीवर, एखाद्या चढावर आणि जमलं तर मातीत. पेडलवर उभं राहून बघा, घट्ट वळण घेऊन बघा. लहान फ्रेमला मोठी चाकं असतील तर वळणात बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतंय का, हे जरूर तपासा.

दोन मापांमध्ये अडकलात तर माझं मत असं: टेकडीच्या वाटांवर आणि उतारांवर चालवायची असेल तर लहान माप घ्या, सायकल हाताखाली राहते. रोज दहा-वीस किलोमीटर रस्त्यानेच जायचं असेल आणि आडव्या नळीवर जागा नीट उरत असेल, तर मोठं चालेल.

६. फ्रेम

सायकल उलटी करून कपड्याने पुसा आणि टॉर्च मारा. हेड ट्यूबला खालची तिरकी नळी जुळते तो जोड, बॉटम ब्रॅकेटभोवतालचे जोड, सीट ट्यूबचं वरचं टोक आणि मागचं चाक बसतं त्या जागा, एवढं बारकाईने बघा. रंगातली केसासारखी रेघ, हेड ट्यूबमागे नळीखाली आलेली सुरकुती किंवा फुगवटा, ही समोरून धडक बसल्याची खूण असते. नख फिरवून बघा. फक्त रंग ओरखडला असेल तर हरकत नाही.

ॲल्युमिनियमची फ्रेम नंतर कधी वेल्ड केली असेल तर ती घेऊ नका. कारखान्यात वेल्डिंगनंतर फ्रेमवर उष्णतेची प्रक्रिया करून धातूची ताकद परत आणतात. बाहेरच्या वेल्डिंगनंतर ती होत नाही आणि जोडाशेजारची नळी कमकुवत राहते.

मागेही सस्पेन्शन असलेली पण अगदी स्वस्तात मिळणारी जड सायकल टाळा. चढावर तुमची ताकद त्या स्प्रिंगमध्येच जिरते.

७. फिरणारे भाग

इथे खराबी सापडली म्हणून सायकल नाकारायची गरज नाही, खर्च कागदावर मांडत जायचं.

चेन: पट्टीने एका पिनच्या मध्यापासून बारा इंच मोजा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर पिन येते. १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. १/८ इंच गेली असेल तर मागची कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) बहुधा गेली, कारण नवी चेन झिजलेल्या दातांवर घसरते.

शॉकअप, म्हणजे पुढचं सस्पेन्शन: पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार द्या. खाली जाऊन एकसारखा वर यायला हवा. चकचकीत नळ्यांवर गंज किंवा नखाला लागेल असा ओरखडा नको, तेलाचा ओघळ नको. एसआर सनटूर एक्ससीटीसारखा साधा स्प्रिंगचा शॉकअप थोडा कडक झाला असेल तरी सायकल चालते. तो उघडून दुरुस्त करायला गेलात तर खर्च आणि फायदा जुळत नाही.

पुढचा ब्रेक दाबूनच सायकल पुढे-मागे हलवा. हेड ट्यूबपाशी टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे तिथलं बेअरिंग, सैल किंवा झिजलेला आहे. क्रँक हातात धरून आडवा हलवा. हलला तर बॉटम ब्रॅकेट गेलं. चाकं उचलून फिरवा आणि ब्रेकपाशी बघा, थोडं आउट असेल तर निघतं. रिमला खड्ड्याचा ठोका बसून कड वाकली असेल, तर नवं रिम धरा. मागून सरळ रेषेत बघा: चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर आत झुकलेला असेल तर हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलाय. हँगर मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, मिळतोय का ते आधी विचारा.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची लिव्हर हँडलपर्यंत जात असेल तर ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढणं, लागेल. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल जातं, स्रॅम कंपनीच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड हे वेगळं ब्रेक ऑइल. मेकॅनिकला हे ठाऊक आहे ना, याची खात्री करा, कारण चुकीच्या तेलाने सील खराब होतात.

टायरला बाजूने बारीक भेगा पडल्या असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, ते बदलायचे.

८. बिल, नंबर आणि चोरीचा माल

सायकलला आरटीओची नोंदणी नसते, आरसी बुक नसतं. म्हणून मूळ बिल आणि फ्रेमवरचा नंबर एवढाच मालकीचा पुरावा. बॉटम ब्रॅकेटखालचा नंबर बिलावर असेल तर ताडून बघा. नंबर घासलेला असेल तर तिथून निघा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसं मानायला कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो.

बिल हरवलं असेल तर विकणाऱ्याला दुकानातून प्रत किंवा ऑनलाइन खरेदीचा मेल काढायला सांगा. सगळ्यांकडे बिल नसतं, हे खरं आहे. जुने फोटो, सर्व्हिसिंगच्या पावत्या यांवरूनही खरं-खोटं कळतं.

पैसे देताना कोऱ्या कागदावर लिहून घ्या: विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, मॉडेल, रंग, फ्रेम नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते.

९. भाव

बिलावरच्या किमतीवरून सुरुवात करू नका, आज तेच किंवा त्या दर्जाचं नवं मॉडेल कितीला मिळतं ते बघा. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. त्याआधीचं बिल दाखवून कुणी ‘एवढ्याला घेतली होती’ म्हणालं, तर हा फरकही धरा.

मग कागदावर मांडलेला खर्च वजा करा. चेन, कॅसेट, ब्रेक पॅड, दोन टायर आणि मजुरी एवढं जरी निघालं, तरी आकडा सहज चार-पाच हजारांच्या घरात जातो. घासाघीस करताना हा कागदच समोर ठेवा. ‘जरा कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘चेन आणि कॅसेट गेली आहे, हे बघा’ म्हटलेलं समोरच्याला पटतं. त्याने सायकल जपली असेल तर उगाच फार ताणू नका.

मागच्या मालकाने घातलेले महागडे दिवे, स्टँड, मडगार्ड यांचे पैसे मोजायचे की नाही, ते तुम्हाला त्यांचा उपयोग आहे का यावर ठरवा.

१०. घरी आणताना आणि आणल्यावर

पुढचं चाक काढून मागची सीट पाडली की सायकल हॅचबॅक मोटारीत बसते. चाक निघालेलं असताना डिस्क ब्रेकची लिव्हर दाबू नका, पॅड आत चिकटतात. त्यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घालून ठेवा.

पहिल्या आठवड्यात सीटची उंची पुन्हा लावा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा खाली आहे. बसल्यावर कंबर डावी-उजवी डुलत असेल तर वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला आणि दोन-तीन फेऱ्या मारून बघा. ब्रेकच्या लिव्हर अशा वळवा की मनगट सरळ राहील. ट्यूब घातलेल्या दोन-सव्वादोन इंची टायरमध्ये टेकडीवर ३० पीएसआयच्या आसपास हवा ठेवा, रस्त्यावर ४० पर्यंत.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर स्टेम, हँडल, क्रँक आणि सीटचे बोल्ट पुन्हा तपासा. स्टेमच्या बोल्टवर किती न्यूटन मीटर ते छापलेलं असतं, बहुतेक ५ च्या आसपास. तेवढ्याच जोराने आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, नसेल तर दुकानात आवळून घ्या. आणि पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा सीट पोस्ट पूर्ण बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा.